बॅटरी डिकीत गेली आणि सेल्फ उचलेना: दोष नेमका कसा शोधायचा

बॅटरी बोनेटखालून डिकीत हलवल्यावर गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करू लागली, की पहिला बळी स्टार्टरचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सेल्फचा, जातो. तो उतरवला जातो, कार्बन आणि बुश बदलले जातात, कधी अख्खा नवा बसतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. कालपर्यंत धडधाकट फिरणारा सेल्फ नेमका बॅटरी हलवली त्याच दिवशी बिघडेल, असा योगायोग क्वचितच घडतो. बदललेली असते ती बॅटरीपासून सेल्फपर्यंतची वाट, आणि त्याहून जास्त वेळा सेल्फपासून बॅटरीकडे परत येणारी वाट. म्हणून पान्हा हातात घेण्याआधी मल्टिमीटर घ्या.

डिकीतली बॅटरी ही काही मुळातच चुकीची कल्पना नाही. १९५९ च्या पहिल्या मिनीची बॅटरी डिकीतच होती, बीएमडब्ल्यूच्या ई४६ मॉडेलमध्येही ती तिथेच आहे. फरक एवढाच की कारखान्याने त्या अंतराचा हिशोब करून वायर आणि अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हचा बॉडी आणि इंजिनशी असलेला जोड) दिलेलं असतं. आपल्याकडे वायर बहुतेकदा ‘दुकानात होती ती’ असते.

खालचे आकडे १.० ते १.२ लिटरच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या पेट्रोल हॅचबॅकचे आहेत. डिझेलचा फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे वेगळा सांगितला आहे.

आधी हिशोब

अशा गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण १०० ते १५० अँपिअर ओढतो. अगदी पहिल्या क्षणी, आर्मेचर (सेल्फच्या मोटरचा फिरणारा भाग) स्थिर असताना, हा आकडा ३०० च्या पुढे जातो. दीड ते दोन लिटरच्या डिझेलला फिरवतानाच २०० ते ३०० अँपिअर लागतात. बोनेटखाली बॅटरी असताना वायर जेमतेम मीटरभर असते. डिकीतून उंबरठ्याच्या कडेने, वळणं घेत सेल्फपर्यंत ती साडेचार ते पाच मीटर होते. म्हणजे तीच वायर नुसती लांबवली तरी ड्रॉप, म्हणजे वाटेत हरवणारं व्होल्टेज, पाचपट.

पाच मीटर शुद्ध तांब्याच्या वायरमध्ये १५० अँपिअरला होणारा ड्रॉप असा येतो:

१६ स्क्वेअर एमएम: ०.९ व्होल्ट
२५ स्क्वेअर एमएम: ०.५८ व्होल्ट
३५ स्क्वेअर एमएम: ०.४२ व्होल्ट
५० स्क्वेअर एमएम: ०.२९ व्होल्ट

छोट्या पेट्रोलला ३५ ही किमान, ५० ही निश्चिंत. डिझेलला ३०० अँपिअर धरले तर ५० मध्येही ०.५८ व्होल्ट जातात, म्हणून तिथे ७० घ्यावी, तिच्यात ०.४१ जातात.

हे आकडे तांब्याचे आहेत, आणि इथेच बरेच जण फसतात. कार ऑडिओच्या दुकानात ‘झिरो गेज’ म्हणून मिळणारी बरीच केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची असते. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. शिवाय जाड, मऊ आवरणामुळे ती आहे त्यापेक्षा भरघोस दिसते. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत चांदीसारखा रंग दिसला तर ती अ‍ॅल्युमिनिअम. वेल्डिंग केबल हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे, पण तीसुद्धा तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनिअमची अशा दोन्ही जातीत विकली जाते. विकत घेताना टोक सोलून बघा, बिलावर ‘कॉपर’ लिहून घ्या.

लक्षणावरून दिशा

चावी फिरवल्यावर काय होतं ते नीट ऐका आणि डॅशबोर्डचे दिवे बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

दिवे झगझगीत, सेल्फचा आवाजच नाही: जाड वायरीचा दोष कमी संभवतो. सॉलेनॉइडला, म्हणजे सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचला, जाणारा सिग्नल पोहोचत नाही. रिले, क्लच किंवा न्यूट्रल स्विच, इमोबिलायझर, किंवा जुन्या बॅटरीच्या टर्मिनलवरची एखादी बारीक वायर जोडायची राहिली आहे.

दिवे येतात, पण चावी फिरवताच पार विझतात आणि सोडल्यावर हळूहळू परत येतात: कुठेतरी जोड ढिला आहे. टर्मिनल, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), फ्यूज किंवा कट-ऑफ स्विच.

कट-कट-कट असा सलग आवाज: सॉलेनॉइड आत ओढला जातो, मुख्य संपर्क जुळतात, सेल्फ करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं आणि पुन्हा तेच. बॅटरी उतरलेली किंवा वाटेत रोध. हा आवाज जास्त वेळ चालू देऊ नका. प्रत्येक ‘कट’ला सॉलेनॉइडच्या तांब्याच्या संपर्कांवर ठिणगी पडते आणि ते जळतात. मग वायर सुधारल्यावरही सेल्फ चालत नाही आणि दोष दोन होतात.

एकच ‘टक’ आणि शांतता: इंजिनचं अर्थिंग, सेल्फवरचा जाड जोड, किंवा सॉलेनॉइडचे जळलेले संपर्क.

फिरतो, पण रेंगाळत: वायर बारीक, वायर अ‍ॅल्युमिनिअमची, किंवा अर्थिंग अपुरं.

थंड असताना ठीक, चालवून गरम झाल्यावर नाही: नवी वायर सायलेन्सरच्या पाइपजवळून गेली आहे का बघा. तांब्याचा रोध दर १० अंशांना सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, आणि गरम सॉलेनॉइडच्या गुंडाळ्याही कमी करंट घेतात. मेमधल्या विदर्भात आधीच काठावर असलेली वायर इथेच हार मानते.

मोजणीची तयारी

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजवर ठेवा. ‘मिन-मॅक्स’ (सर्वांत कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारी) सोय असेल तर उत्तम, कारण सेल्फ फिरतो तेवढ्या तीन-चार सेकंदांत आकडा वाचायचा असतो. मीटरच्या वायरी डिकीपासून इंजिनपर्यंत पोहोचत नाहीत. त्यासाठी साधी ०.५ स्क्वेअर एमएमची सहा मीटर वायर घ्या आणि दोन्ही टोकांना मगरचिमटे लावा. मीटर जवळजवळ करंट ओढत नसल्यामुळे ही वायर बारीक असली तरी मोजणीत फरक पडत नाही.

वायरचा रोध ओहमवर मोजायला जाऊ नका. आपण शोधतोय तो दोष पाच-दहा मिलिओहमचा आहे, आणि साध्या मीटरला तो दिसतच नाही. शंभर तारांपैकी एक तार शिल्लक असलेली केबलही ‘बीप’ देते. करंट वाहत असतानाच खरं उत्तर मिळतं. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी करंट मोजणारा हवा. फक्त एसीचा क्लॅम्प इथे शून्य दाखवेल.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. पाइपातलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन क्षणभर चालेल, मग नुसतंच फिरेल. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. वायर सोडताना आधी निगेटिव्ह सोडायची, जोडताना ती शेवटी जोडायची.

पायरी १: बॅटरी

गाडी काही तास उभी असेल तर हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा आणि मग मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे दिशाभूल करतील.

आता मीटरचे पिन थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर ठेवा, क्लॅम्पवर नव्हे, आणि सेल्फ मारा. सगळ्या निदानातला सर्वांत बोलका आकडा हाच. सेल्फ रेंगाळतोय आणि खुंटांवर ९.६ पेक्षा कमी: बॅटरी दुबळी आहे, किंवा सेल्फच जाम होऊन वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतोय. सेल्फ रेंगाळतोय आणि खुंटांवर मात्र ११ च्या वर: बॅटरीवर पुरेसा भारच येत नाहीये, वाटेत रोध आहे. बॅटरी हलवलेल्या गाडीत बहुतेक वेळा हे दुसरं चित्र दिसतं.

खुंटांचीही एक गंमत आहे. बी१९, बी२० आकाराच्या जपानी पद्धतीच्या छोट्या बॅटऱ्यांचे खुंट बारीक असतात. मोठ्या बॅटऱ्यांचे त्यापेक्षा जवळपास ५ मिलिमीटरने जाड. डिकीत जागा आहे म्हणून मोठी बॅटरी घेतली किंवा क्लॅम्प नवे आणले, की ही जोडी चुकते. जाड खुंटाचा क्लॅम्प बारीक खुंटावर बोल्ट पूर्ण आवळूनही हाताने फिरतो. पत्र्याची पट्टी कोंबणं हा उपाय नव्हे, योग्य मापाचा क्लॅम्प घ्या.

पायरी २: पॉझिटिव्हची वाट

लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, काळी पिन सेल्फच्या मोठ्या स्टडवर, म्हणजे ३० क्रमांकाच्या टर्मिनलवर. सेल्फ मारा. मीटर दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. ०.५ पर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर काळी पिन मागे मागे सरकवत आणा: जुन्या बॅटरीच्या जागी बसवलेला जोडस्टड, कट-ऑफ स्विचची दोन्ही टोकं, फ्यूजची दोन्ही टोकं, शेवटी बॅटरीचा क्लॅम्प. ज्या तुकड्यात आकडा एकदम उडी मारतो तिथे दोष. कोणत्याही एका जोडावर ०.१ पेक्षा जास्त जाता कामा नये. क्लॅम्प ते खुंट तर जवळजवळ शून्य हवं.

एक लक्षात ठेवा: सेल्फ करंटच ओढत नसेल तर ड्रॉप शून्य येतो, आणि त्याचा अर्थ ‘वायर चांगली’ असा होत नाही. उलट चावी फिरवल्यावर या दोन टोकांत पूर्ण १२ व्होल्ट दिसले तर वाट कुठेतरी तुटलेली आहे.

पायरी ३: परतीची वाट, म्हणजे बहुतेकांचा खरा दोष

काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, लाल पिन सेल्फच्या उघड्या धातूच्या अंगावर. सेल्फ मारल्यावर ०.३ पर्यंत ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर दोष सापडलाच.

याचं कारण साधं आहे. मूळ रचनेत बॅटरीच्या निगेटिव्हमधून एक जाड वायर थेट गिअरबॉक्सला आणि दुसरी बारीक वायर बॉडीला जाते. सेल्फ गिअरबॉक्सच्या घरावर बसतो, त्याचा परतीचा करंट त्या जाड वायरीतूनच येतो. बॅटरी डिकीत नेताना निगेटिव्ह मागे बॉडीला जोडली जाते आणि पुढची मूळ वायर काढून टाकली जाते. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले. मग १५० अँपिअर मिळेल त्या वाटेने परततात: अ‍ॅक्सिलरेटर केबल, क्लच केबल, गिअरच्या केबली, सेन्सरच्या बारीक अर्थ वायरी. सेल्फ मारल्यावर क्लच केबलचं आवरण गरम लागलं किंवा धूर आला, तर लगेच थांबा. केबल वितळते, आणि सेन्सरच्या वायरीतून गेलेला करंट इसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या संगणकापर्यंत, नुकसान करू शकतो.

खात्री दोन मिनिटांत होते. जंप केबलचं एक टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या बोल्टला, दुसरं बोनेटखालच्या बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारा. इंजिन झटक्यात फिरलं तर पुढचा अर्थ पट्टा नाही किंवा अपुरा आहे. फरक पडला नाही तर जंप केबल डिकीत न्या: निगेटिव्ह खुंट आणि बॉडीवरची दुसरी उघडी जागा. आता सुधारलं तर मागचा अर्थ बोल्ट दोषी.

अर्थिंग नीट कसं करायचं

पुढे: गिअरबॉक्सच्या बोल्टपासून, शक्यतो सेल्फच्याच माउंटिंग बोल्टजवळून, चेसिस रेलपर्यंत ३५ स्क्वेअर एमएमचा पट्टा. लांबी ३०-४० सेंटिमीटर पुरते, पण थोडी ढील ठेवा. इंजिन हलतं, ताणलेला पट्टा काही महिन्यांत लगपाशी तुटतो.

मागे: पॉझिटिव्हला जितकी जाड वायर तितकीच निगेटिव्हला, आणि शक्य तितकी आखूड. डिकीच्या तळाचा पातळ पत्रा टाळा, रेल किंवा जाड पत्र्याचा भाग निवडा. एम८ किंवा एम१० बोल्ट. सीटबेल्टचा बोल्ट वापरायचा नाही, सोपा दिसला तरी. लगच्या आकाराएवढी जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. रंग, प्रायमर, अंडरकोटिंग सगळं जायला हवं. लग थेट पत्र्यावर बसवा, वॉशर लगच्या वर, पत्रा आणि लग यांच्या मध्ये नाही. आवळून झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीसचा थर द्या. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत हा थर नसेल तर पावसाळ्यानंतर जोड पुन्हा घासायला लागतो.

अखंड लोखंडी बॉडी असलेल्या गाडीत निगेटिव्हची वेगळी वायर पुढपर्यंत ओढायची गरज नसते. बॉडी स्वतः उत्तम वाहक आहे, दोष असतो तो जोडांत. फायबरची बॉडी असेल किंवा तळ गंजून गेला असेल तर मात्र दुसरी वायरही ओढा.

नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो, विशेषतः स्टार्ट-स्टॉपच्या मॉडेलमध्ये. तो बॅटरीसोबतच हलवावा लागतो, आणि सगळ्या अर्थ वायरी सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला याव्यात. एखादी वायर थेट खुंटावर टाकली तर सेन्सरचा हिशोब चुकतो.

जोड, फ्यूज, स्विच

लग पक्कडीने दाबून किंवा हातोडीने ठोकून बसवलेला असेल तर तो बदलाच. षट्कोनी दाब देणारा हायड्रॉलिक क्रिम्पर लागतो. नसेल तर जाड केबलचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिक पॅनेलवाल्याकडून लग दाबून आणा, काम पाच मिनिटांचं आहे. नुसत्या डागकामावर विसंबू नका: शिसं तारांमध्ये वर चढतं, वायर तिथे ताठ होते आणि कंपनांनी तुटते. दाबल्यावर जोर लावून ओढून पाहा, मग आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवा.

एकाच स्टडवर तीन-चार लग येत असतील तर जाड वायरींचे लग एकमेकांना चिकटून, सर्वांत तळाशी. दोन लगांच्या मध्ये स्टीलचा वॉशर टाकला की करंटला स्टीलमधून जावं लागतं आणि तो जोड तापतो. सेल्फच्या स्टडवर नट आवळताना हात आवरा. सॉलेनॉइडची टोपी बेकेलाइटची असते, स्टड फिरला तर ती तडकते.

बॅटरीपासून ३० सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. पाच मीटरची वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर तिला थांबवणारं दुसरं काही नाही. ऑडिओसाठी आणलेला १०० अँपिअरचा फ्यूज मात्र इथे टिकत नाही. तो पहिल्या दिवशी तगतो, आणि थंड सकाळी सेल्फ जरा जास्त वेळ फिरला की उडतो. छोट्या पेट्रोलला २५० ते ३०० अँपिअरचा बोल्टने बसणारा मेगा किंवा एएनएल फ्यूज लावा. लाल चावीचा स्वस्त कट-ऑफ स्विच असेल तर त्याच्या दोन स्टडमध्ये ड्रॉप मोजा, ०.१ पेक्षा जास्त असेल तर तो काढून टाका, त्यावर छापलेले अँपिअर काहीही असोत.

पायरी ४: सिग्नलची बारीक वायर

सेल्फच्या ५० क्रमांकाच्या छोट्या टर्मिनलवर, चावी फिरवलेली असताना, इंजिन ब्लॉकच्या तुलनेत व्होल्टेज मोजा. शून्य असेल तर आधी जुन्या बॅटरीच्या जागी जा. मूळ पॉझिटिव्ह क्लॅम्पवर जाड वायरीशिवाय फ्यूजबॉक्सची वायर असते, तिच्यातूनच इग्निशन स्विच आणि रिले चालतात. तिलाही नव्या जोडस्टडवर आणावं लागतं.

शून्य नाही पण आठ-नऊच व्होल्ट आहेत, तर वीज इग्निशन स्विचच्या जुन्या संपर्कांत अडते. सॉलेनॉइड ओढला जाताना क्षणभर वीसेक अँपिअरही घेऊ शकतो, हे लक्षात घ्या. उपाय म्हणजे ४० अँपिअरचा रिले. ३० ला सेल्फच्या जाड स्टडवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून वीज, ८७ वरून ४ स्क्वेअर एमएमची वायर सॉलेनॉइडच्या ५० ला, ८६ ला जुनी सिग्नल वायर, ८५ अर्थला.

शर्यतीच्या गाड्यांत कधी सॉलेनॉइडच वेगळा काढून डिकीत लावतात आणि सेल्फवर ३० व ५० एकत्र जोडतात. मग चावी सोडल्यावरही सेल्फ सेकंदभर गुंतून राहतो. कायम चुंबकाचा सेल्फ स्वतःच्या गतीने फिरताना वीज तयार करतो आणि ती सॉलेनॉइडला धरून ठेवते. रस्त्यावरच्या गाडीला हा खटाटोप नको.

आता सेल्फकडे

दोन्ही वाटांचा ड्रॉप मर्यादेत, ५० वर साडेदहाच्या आसपास व्होल्ट आणि तरीही सेल्फ मेलेला, तर आता दोष त्याचा. सॉलेनॉइडच्या ३० आणि मोटरकडे जाणाऱ्या स्टडमध्ये, सेल्फ मारताना, ०.३ पेक्षा जास्त ड्रॉप असेल तर संपर्क जळले आहेत. तिथे ड्रॉप नाही, करंटही नाही, तर कार्बन झिजलेले किंवा अडकलेले. उतरवण्याआधी एक शेवटची खात्री: दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप केबल थेट सेल्फच्या स्टडवर आणि इंजिन ब्लॉकवर लावा. तेव्हा तो झटक्यात फिरला, तर तुमच्या मोजणीत कुठेतरी चूक आहे. परत पायरी २ वर जा.

काम झाल्यावर

फ्युएल पंपाचा फ्यूज परत लावा, इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावून डिकीतल्या खुंटांवर मोजा. १३.८ ते १४.५ हवेत. अल्टरनेटरच्या स्टडवर १४.२ आणि बॅटरीवर १३.५ असेल तर चार्जिंगच्या वाटेतही तोच दोष आहे. अशी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि महिन्याभरात ‘सेल्फ उचलत नाही’ची तक्रार परत येते.

माणसं बसण्याच्या जागेत किंवा तिला जोडलेल्या डिकीत पाण्याची बॅटरी ठेवू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. सीलबंद एजीएम (आम्ल काचेच्या चटईत शोषून ठेवणारी बॅटरी) घ्या, तिच्या छिद्राची नळी बॉडीबाहेर काढा, खोका पट्ट्याने जखडा आणि पॉझिटिव्हवर टोपी घाला. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रोमेट, दर २५-३० सेंटिमीटरवर क्लिप, पेट्रोलच्या पाइपापासून आणि सायलेन्सरपासून लांब. सीटखालून नेताना पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. वायर त्यांना दाबणार नाही अशी सरकवा. आठवड्याभराने सगळे बोल्ट एकदा परत आवळा, कारण नवे लग पहिल्या काही दिवसांत बसतात आणि थोडे ढिले होतात.